दाराशी एकही चप्पल नाही

माणसाचा चेहरा खोटं बोलतो, चप्पल कधीच खोटं बोलत नाही, असं सर सांगत. ते हे इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणारा नकळत आपले पाय खुर्चीखाली ओढून घेई. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली होती, पण खरा अभ्यास त्यांनी केला तो चपलांचा. कुणाच्याही घरी गेले की बेल वाजवण्याआधी ते उंबऱ्याशी वाकत. आत कोण बसलंय, कधीपासून बसलंय आणि कोण कोणाच्या बाजूचं आहे, हे तिथंच ठरवत आणि पुष्कळदा बेल न वाजवताच परत फिरत. एकदा एका सहकाऱ्याच्या दारातून त्यांनी मला असंच मागं ओढलं. आत विद्यापीठाचा कोणी मोठा अधिकारी बसलाय, म्हणाले. टाचेची बाहेरची कड झिजलीय, हा माणूस सरळ चालत नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की आत नळ दुरुस्त करणारा बसला होता. सरांवर याचा काही परिणाम झाला नाही. नळवाला कोणी पाठवला, एवढंच त्यांनी विचारलं.

"कोणी सांगितलं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. बाहेर पाऊस पडतोय म्हटलं तरी आधी हा प्रश्न यायचा आणि मग ते खिडकीपाशी जाऊन स्वतः बघायचे. नांदेडच्या ज्या महाविद्यालयात मी त्यांचा विद्यार्थी होतो, तिथंच पुढं त्यांच्या हाताखाली लागलो. त्यामुळं इतरांना ते अहो-जाहो करत आणि मला 'अरे' म्हणत. या 'अरे'चा मला अभिमान होता. सर ज्याला 'अरे' म्हणतात त्याच्यावर त्यांचा त्यातल्या त्यात कमी संशय असतो, असं स्टाफरूममध्ये मानलं जाई.

चहा आला की सर आधी समोरच्याला घोट घेऊ देत. त्यांच्या टेबलाच्या खणात एक कोरा कागद तिरका ठेवलेला असे, आणि तो सरळ झालेला दिसला की त्या दिवशी ते शिपायाशी बोलत नसत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, निलंग्याकडच्या. त्यांनी हे सगळं फार पूर्वीच सोडून दिलं होतं. "ह्यांचं असंच हाय," त्या म्हणत. "लग्नात अंतरपाट धरला तर ह्यांनी खालून वाकून बघितलं, पलीकडं मीच हाय का म्हणून."

प्राचार्य निवृत्त झाले तेव्हा सरांची निवृत्ती वर्ष-सव्वा वर्षावर आली होती. ज्येष्ठतेनं प्राचार्यपदाचा कार्यभार त्यांच्याकडं यायला हवा होता. प्राचार्यांच्या खोलीत खुर्चीमागं सागवानी फलक आहे. आजवरच्या प्राचार्यांची नावं त्यावर सोनेरी अक्षरांत आहेत. बैठकीत सर नेहमी त्या फलकासमोरची खुर्ची धरत. एकदा खोली रिकामी असताना मी त्यांना शेवटच्या नावाखालची जागा वीत लावून मोजताना पाहिलं. मला बघून त्यांनी हात खाली घेतला आणि लाकूड चांगलं आहे, म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "एक ओळ बसंल." आयुष्यात त्यांनी मनापासून मागितलेली ती एकच गोष्ट असावी. निदान माझ्यासमोर तरी दुसरी मागितली नाही.

अडचण होती संस्थेच्या अध्यक्षांची. अध्यक्षांचा अर्जावर विश्वास नव्हता, गोपनीय अहवालावर तर नव्हताच. पद द्यायची वेळ आली की ते संध्याकाळी गाडी काढत आणि उमेदवारांच्या घरांवरून सावकाश चक्कर मारत. ज्याच्या दारात चपला जास्त, त्याच्यामागं माणसं जास्त, असा त्यांचा हिशेब. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. दुसरे उमेदवार, आमचे वाणिज्यचे विभागप्रमुख, यांच्या दारात तर रोज संध्याकाळी चपलांचा ढीग पडे. ते घरी शिकवण्या घेत, एवढंच त्याचं कारण होतं, पण गाडीतून शिकवण्या दिसत नाहीत.

मी सरांना सुचवलं की आपणही चार लोकांना चहाला बोलवू. सरांनी उठून आधी खोलीचं दार लावलं.

"अध्यक्ष चपला बघतात, हे कोणी सांगितलं?"

सगळेच सांगतात, मी म्हणालो.

"सगळे सांगतात म्हणजे एकानं पसरवलंय. मी माझी माणसं चपलांसकट रस्त्यावर मांडावीत, म्हणजे वाणिज्यला यादीच मिळंल."

त्यांचं तर्कशास्त्र असं होतं. आपण जसं दुसऱ्याच्या उंबऱ्याशी वाकून वाचतो, तसं कोणीतरी आपलाही उंबरा वाचत असणार. तेव्हा आपल्याकडं कोण येतं हे दिसता कामा नये. आदेश हातात पडेपर्यंत चपला झाकून ठेवायच्या. आणि त्यासाठी हवं होतं दाराशी एक कपाट, चपलांचं, लाकडी, बंद दारांचं.

तयार कपाट ते घेणार नव्हते. दुकानदाराला माप सांगावं लागतं, मापावरून जोड किती ते कळतं. सुतार नको, सुतार दहा घरं हिंडतो. प्लायवूडबद्दल त्यांचं मत होतं की ती लाकडाची अफवा आहे. शेवटी लातूरकडच्या मुरुडजवळ त्यांच्या भावाच्या शेतात वाळून उभा असलेला कडुलिंब त्यांनी पाडला आणि ओंडके टेम्पोत घालून लातूरला आरागिरणीवर नेले. फळ्या पडेपर्यंत सर आरीपाशी उभे होते, भुशानं पांढरे झाले होते. तरी नांदेडला आल्यावर त्यांना शंका आली की गिरणीवाल्यानं फळ्या बदलल्या. रविवारी त्यांनी मला बोलावलं, प्रयोगशाळा उघडायला लावली, फळीचा पापुद्रा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. कडुलिंबच होता. माझ्याकडूनही तशी खात्री करून घेतली.

काम मागच्या खोलीत चाललं, खिडक्या लावून. वैशाख होता. नांदेडच्या वैशाखात खिडक्या लावून बसणारी माणसं एकतर आजारी असतात नाहीतर काहीतरी लपवत असतात, हे शेजाऱ्यांनाही कळत होतं. ठोकाठोकीचा आवाज दबावा म्हणून काकूंना मिक्सर चालू ठेवायला लावला होता. त्या उन्हाळ्यात त्या घरात इतकी शेंगदाण्याची चटणी झाली की आम्ही सगळे पावसाळाभर खात होतो. आत काय चाललंय म्हणून शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा सरांनी प्रत्येकाला वेगळं सांगितलं. एकाला देवघर, दुसऱ्याला पुस्तकांचं कपाट, तिसऱ्याला खुराडं. कोणती बातमी फिरून परत येते त्यावरून फुटलेला माणूस कळणार होता. परत आली ती बातमी अशी की सर निवृत्तीनंतरची सोय म्हणून सुतारकी शिकून राहिले. ही त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. सर आठवडाभर बेचैन होते.

सुतारकी त्यांना तशी बरी जमली, हे कबूल केलं पाहिजे. रंधा मारताना त्यांचा चेहरा मऊ व्हायचा. लाकडाचा कडवट वास घरभर असायचा आणि त्या वासात ते कमी प्रश्न विचारत. मी फळ्या धरायचो. एकदा करवत थांबवून ते सहज म्हणाले की कडुलिंबाला वाळवी लागत नाही, माणसांचं तसं काही करता आलं असतं तर बरं होतं.

कपाट झालं ते पोस्टातल्या पेट्यांसारखं. प्रत्येक जोडाला वेगळा खण, प्रत्येक खणाला वेगळं दार. कारण चपला एका फळीवर ठेवल्या तर आलेल्या माणसाला कळतं की आधी कोण आलंय. दारांना मुठी नव्हत्या. मूठ दिसली की माणूस ओढून बघतो. बारीक फटीत स्टीलची पट्टी घालून दार उघडायचं आणि पट्टी सरांच्या खिशात. सगळं मनासारखं झालं होतं, पण एका दुपारी सर अंगणात पालथे पडून कपाटाकडं बघताना मला दिसले. फटीतून टाच दिसते, म्हणाले. लगेच सगळी दारं उतरवली. नवी दारं थोडी मोठी कापली, काठ घासून घासून अशी बसवली की फटीत पट्टी जेमतेम जावी, नजर जाऊ नये. भर उन्हाळ्यात, लाकूड कडकडीत वाळलेलं असताना. बिजागऱ्यांचे स्क्रू ते पिळत होते आणि दारं मी दाबून धरली होती. हे पुढं महत्त्वाचं ठरलं.

हवेसाठी भोकं हवीत, असं काकूंनी सुचवलं. सरांनी ती मागच्या बाजूला पाडली, म्हणजे दिवाणखान्याच्या खिडकीकडं. अर्ध्या विभागाचे मोजे त्या खिडकीतून आत येऊ लागले. "बाहेरच्याला दिसत न्हाई, हे खरं हाय," काकू म्हणाल्या. "पण आम्हाला डोळे मिटूनबी कळून राहिलं कोण आलंय ते."

चपला लपल्या तरी माणसं आत एकमेकांना भेटायचीच. म्हणून सर त्यांना वेगवेगळं बसवू लागले. एक दिवाणखान्यात, एक स्वयंपाकघरात काकूंच्या समोर, एक गच्चीवर. गच्चीवर बसवलेल्या ग्रंथपालांना ते एकदा विसरले. अंधार पडल्यावर काकू वाळवण काढायला गेल्या तेव्हा ग्रंथपाल पापडांच्या शेजारी बसून होते. त्यांनी तक्रार केली नाही. आपल्यावर काही मोठी जबाबदारी सोपवली असावी, अशी त्यांची समजूत होती.

श्रावणातल्या एका सोमवारी सरांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. अध्यक्ष त्याच आठवड्यात नाव ठरवणार होते आणि कोण आपल्याबरोबर आहे हे एकदा एकमेकांच्या तोंडावर विचारून घ्यावं, असं सरांच्या मनात होतं. निमित्त उपवासाच्या फराळाचं. आम्ही बरेच जण जमलो. दिवसभर झड लागलेली होती. कपाटाची दारं जड लागत होती. प्राणिशास्त्राच्या सरांना तर गुडघा लावून दार ढकलावं लागलं. आमचे सर खूश होते. "बसलं ना घट्ट?" ते प्रत्येकाला विचारत होते.

भगर आणि आमटी वाढून झाली, सर बोलायला उभे राहिले, आणि बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. ही गाडी आम्ही सगळेच ओळखत होतो. अध्यक्षांची. कुणीतरी दाराकडं निघालं तर सरांनी हातानं थांबवलं आणि मेन स्विच खाली ओढला. अंधारात आम्ही ताटं मांडीवर घेऊन बसलो. गाडीचं दार वाजलं. कुणीतरी फाटकाशी आलं, उभं राहिलं.

"सर, अध्यक्ष आहेत," मी कुजबुजलो. "उघडा."

"कोणी सांगितलं? त्यांची गाडी हाय. आत कोण हाय ते कुणी बघितलं?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, कुणी आलंय वाटतं.

"कुणी न्हाई," सर हळू आवाजात म्हणाले. "आपणबी न्हाई."

बाहेरचा माणूस थोडा वेळ थांबला. स्वच्छ झाडलेला, ओला, रिकामा उंबरा त्यानं बघितला असणार. मग गाडी गेली. सरांनी स्विच वर केला नाही. आता सगळ्यांनी मागच्या दारानं, आवाज न करता निघावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. चपला काढायला म्हणून ते पट्टी घेऊन पुढं गेले. पट्टी फटीत जाईना, कारण फट उरलीच नव्हती. झडीनं लाकूड फुगलं होतं आणि सगळी दारं एका अखंड फळीसारखी मिटली होती. पटाशीनं उचकटू, मी म्हणालो. सर नको म्हणाले, आवाज होईल. उद्या बघू.

म्हणून एका प्रतिष्ठित महाविद्यालयाचे निम्मे प्राध्यापक अनवाणी, चिखलातून, मागच्या बोळानं निघाले. बोळात दिवे नव्हते, काचा होत्या. माझ्या मोबाईलचा टॉर्च त्यातल्या त्यात चांगला होता म्हणून मी पुढं होतो आणि बाकीचे माझ्या पावलांवर पाऊल ठेवत मागं.

कोपऱ्यावर पानाच्या टपरीशी अध्यक्षांची गाडी उभी होती. काच खाली होती. अध्यक्षांनी आधी आमचे पाय बघितले, त्यांची सवयच ती.

"कुठून येऊन राहिले अनवाणी?"

मागून प्राणिशास्त्राचे सर घाबरून म्हणाले की श्रावणी सोमवार आहे, साहेब, दर्शनाला गेलो होतो. अध्यक्षांनी गाडीतूनच हात जोडले. मग माझ्याकडं बघितलं.

"हे सगळे तुमच्या मागं हायत?"

"हो, साहेब," मी म्हणालो. "मागंच आहेत." त्या वेळी त्याचा दुसरा काही अर्थ होईल असं मला वाटलं नाही.

अध्यक्षांनी मान हलवली. काहींच्या दाराशी तर चप्पलसुद्धा नसती, असं स्वतःशीच म्हणाले आणि काच वर गेली.

गुरुवारी आदेश आला. प्रभारी प्राचार्य म्हणून माझं नाव होतं. मी अध्यक्षांकडं जाऊन सांगितलं की ज्येष्ठ सर आहेत, मान त्यांचा आहे. अध्यक्षांनी बाजूच्या माणसाला म्हटलं, बघा, अनवाणी चालणारा माणूस असाच बोलणार. मी सांगत गेलो तसतशी माझी नेमणूक पक्की होत गेली.

सर दोन दिवसांनी माझ्याकडं आले. कपाटाची दारं त्यांनी अजून कुणाला उघडू दिली नव्हती. पटाशी लावली तर पुरावा जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. ते उभ्याउभ्याच बोलले.

"अनवाणी जायचं कोणी सुचवलं?"

कुणीच नाही, मी म्हणालो. चपला अडकल्या होत्या.

"दारं बसवताना कुणी दाबून धरली होती?"

"मी, सर."

"एवढंच विचारायचं होतं तुम्हाला."

तो 'तुम्हाला' मला ऐकू आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणालो, सर, कुणी काही केलं नाही. लाकूड पावसाळी हवेतलं पाणी ओढतं आणि फुगतं. उन्हाळ्यात बसवलेली दारं होती.

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच, सर. आम्ही पहिल्या वर्षाला असताना."

सरांनी खिशातली स्टीलची पट्टी काढून हातात फिरवली, परत खिशात ठेवली आणि गेले. नंतर बरेच महिने ते माझ्याशी कामापुरतं बोलले, अहो-जाहो करून. बैठकीत फलकाकडं पाठ करून बसू लागले. फलकावर रंगाऱ्यानं माझं नाव लिहिलं, कंसात 'प्रभारी' घातलं, आणि खाली जागा उरली नाही. वीत लावून मोजली होती तेवढीच ती होती.

काकू मला एकदा बाजारात भेटल्या. सर घरी काय म्हणतात, असं विचारलं. "काय म्हणणार," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी कपाटाला कान लावतेत. बाहेर मातर आता कुणाची चप्पल नसती, आणि आत माणूसबी न्हाई."

पुढच्या वैशाखात, सर निवृत्त व्हायच्या थोडं आधी, दारं आपोआप सैल झाली. लोकांनी तोवर नवे जोड घेतले होते, तरी सरांनी सगळ्यांच्या चपला शिपायाबरोबर घरोघर पाठवल्या. माझ्या मात्र स्वतः घेऊन आले. प्राचार्यांच्या खोलीत कुणी चपला काढत नाही, पण सरांनी स्वतःच्या दाराबाहेर काढल्या, शेजारच्या काही जोडांकडं सवयीनं एक नजर टाकली आणि आत येऊन वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं माझ्यासमोर ठेवलं. मागच्या फलकाकडं त्यांनी बघितलं नाही.

"खालच्या रांगेतल्या. घालून बघा."

मी टेबलाच्या बाहेर येऊन चपला पायात सरकवल्या. सर वाकले, चष्मा कपाळावर घेऊन टाचेची कड बघितली, अंगठ्याचा ठसा बघितला. बराच वेळ बघितलं. मग सावकाश सरळ झाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंधा मारतानाचा तो मऊपणा आला.

"बसल्या ना बरोबर?"

"बसल्या, सर."

"मी म्हणत न्हवतो? चप्पल खोटं बोलत न्हाई." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "संध्याकाळी ये घरी. काकू बोलवून राहिली तुला. पुढच्या दारानं ये."

त्या चपला प्राणिशास्त्राच्या सरांच्या होत्या आणि मला एक नंबर लहान होत्या.